नारळ फोडत नाहीत, वाढवतात

आमच्या घरी 'नारळ फोडला' म्हणायची सोय नाही. लहानपणी मी एकदा ओरडतच स्वयंपाकघरात गेले, "आजी, बाबांनी नारळ फोडला!" आजीने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "फोडला नाही म्हणायचं. वाढवला." पोळी करपली, पण शब्द दुरुस्त झाला. पुढे हळूहळू कळत गेलं, की बांगडी फुटत नाही, ती वाढते. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, मालवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. आणि घरातून निघताना कितीही घाई असली तरी 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. बारावीच्या गणिताच्या पेपरला निघताना माझ्या तोंडून 'जाते गं' गेलं, तर आईने मला दोन मजले परत वर बोलावलं आणि उंबऱ्यात उभं करून 'येते' म्हणायला लावलं. मार्क पडायचे तेवढेच पडले, तो भाग वेगळा.

काका, काकू (आपली ओळख नाही, तरी काका-काकूच म्हणते, आपल्याकडे अनोळखी माणसाला हाक मारायची हीच सगळ्यात सोपी रीत), मी वीस वर्षांची आहे. घर साताऱ्याला, शिकायला पुण्यात. तुमच्या घरी माझ्या वयाचं कुणी असेल, तर गेल्या दोन-तीन वर्षांत जेवताना एखाद्या साध्या शब्दावरून ठिणगी पडली असणार. 'आता घरात बोलायचीही चोरी झाली' हे वाक्य आमच्याकडे बाबा म्हणतात, तुमच्याकडे कोण म्हणतं ते तुम्हाला माहीत. पोरं शिकायला जातात आणि डोक्यात नवं खूळ घालून येतात, असा तुमचा समज असतो. मला सांगायचंय ते असं, की शब्दाने बरंवाईट होतं हे खूळ मी पुण्याहून आणलेलं नाही. ते मला घरीच, पोळी करपवून शिकवलं गेलंय. नारळापुढे एवढी जपून चालणारी आपली जीभ माणसापुढे मोकाट का सुटते, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मला स्वतःलाही विचारायचाय, ते पुढे येईलच.

आधी आदराचं. मराठीला रोजच्या वापरातला 'थँक्यू' नाही, अशी तक्रार मी बरेचदा ऐकते. 'धन्यवाद' भाषणात, 'आभारी आहे' पत्रात. पण आपलं अदबीचं काम क्रियापदच करतं. 'पाणी दे', 'पाणी देतेस का', 'जरा पाणी देशील', 'पाणी द्या ना' यात पाणी तेच असतं, पण मागणारा कोण आणि देणारा कोण हे न बघताही कळतं. तसं 'थँक्यू'ही आम्हाला शिकवलं गेलंच. पाहुण्यांनी चॉकलेट दिलं की 'थँक्यू म्हण काकांना'. खालच्या वॉचमनकाकांनी दप्तर वर आणून दिलं तर म्हण, असं कुणी सांगितलं नाही. म्हणू नको, असंही कुणी सांगितलं नाही. कुणाला म्हणायचं त्याची यादी आमची आपोआपच पाठ झाली.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी मी तिसरीत असल्यापासून येतात. मी त्यांना 'मावशी, तू' म्हणायचे. यात गैर काय असणार? माझ्या सख्ख्या मावशीलाही मी 'तू'च म्हणते. आणि त्याही मला 'तू'च म्हणायच्या. 'बाळा' म्हणायच्या, डबा तसाच परत आणला तर दटावायच्या, एकदा आई ऑफिसला गेलेली असताना मला ताप भरला, तर दुसऱ्या घरचं काम सोडून उशाशी बसल्या होत्या. मग मी पुण्याला गेले. पहिल्या दिवाळीला घरी आले, तेव्हा त्या सिंकपाशी उभ्या होत्या. हाताला फेस, तोंड भिंतीकडे. माझा आवाज ऐकून मान वळवली आणि म्हणाल्या, "ताई, कधी आलात?"

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं म्हणायला. चार-पाच महिन्यांत माझ्यात बदल काय झाला होता, तर केस कापले होते. कालपर्यंत 'आलीस' होतं, त्याचं 'आलात' झालं. आणि मी? मी अजून 'मावशी, तू'वरच होते. 'तू' दोन्हीकडून होतं तोवर त्यात माया होती. त्यांच्या बाजूने ते सुटलं आणि माझ्या बाजूने तसंच राहिलं, त्या दिवशी त्याची पायरी झाली. मी वरच्या पायरीवर आणि माझ्या आजीपेक्षा थोड्याच लहान असलेल्या त्या खालच्या.

मग मीही 'तुम्ही' सुरू केलं. आई हसायला लागली. मावशी ओशाळल्या, म्हणाल्या, "असं काय परक्यावानी बोलताय?" म्हणजे तेही नीट बसलं नाही. अजून आमचं अवघडलेलंच चाललंय. कधी 'तुम्ही' निघतं, कधी 'तू'. माझा धाकटा भाऊ बाबांना 'ए बाबा' म्हणतो आणि मी 'अहो बाबा'. सहा वर्षांच्या अंतरात आमच्या घरातलं एक सर्वनाम बदलून गेलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. तेव्हा मावशींचंही कधीतरी जमेल.

सर्वनामावरून आठवलं. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द. हिंदीतही 'हम' म्हटलं की दोन्ही आलं. आपल्याकडे मात्र ऐकणाऱ्याला धरायचं की वगळायचं, हे तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हटलं की समोरचा काय ते समजतो. 'आपण' म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. शिवाय 'आपण बसावं', 'आपण आलात' असा सगळ्यात जास्त मानही याच शब्दात. इतकं मोठं मन असलेला शब्द. आणि त्याचंच कुंपण किती पक्कं, तेही ऐका: 'आपल्यात असं चालत नाही.' 'मुलगी आपल्यातलीच आहे ना?'

मागच्या वर्षी माझी एक मैत्रीण चार दिवस घरी राहायला आली होती. आईने सकाळी पोहे केले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बशी हातात देताना अगदी प्रेमाने विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

"मी आईचं नाव लावते, काकू."

"अगं हो, छानच. पण घरचं?"

मैत्रिणीने सांगितलं. ते आडनाव बऱ्याच समाजांत असतं, त्यामुळे आईचं काम भागलं नाही. "गाव कुठलं?" तेही सांगितलं. गाव आमच्या माहितीतलं निघालं. "हो का! गावात कुठे राहता?"

"क्रांतीनगर."

आई क्षणभर थांबली. "म्हणजे पूर्वीचं ते...?"

"हो काकू. तेच."

"अगं, खा ना, गार होतायत," असं म्हणून आईने तिला आणखी पोहे वाढले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. पाटी बदलली की 'पूर्वीचं काय' हे विचारणारं कुणीतरी पोहे घेऊन उभं असतं, हे मंत्रिमंडळाला कसं कळावं! माणसांच्या नावाचंही तसंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे आईचं नाव आलं, मग वडिलांचं. शेवटी आडनाव आहेच.

रात्री गच्चीत मैत्रीण म्हणाली, "तुझी आई खूप छान आहे. पोहे दोनदा वाढले." मी काही बोलले नाही. मग तीच म्हणाली, "बाकीचं सवयीचं आहे गं. आधी आडनाव, मग गाव, मग गावात कुठे. तीन प्रश्नांत होतं. तुझ्या आईने तर चौथाही आडवळणानेच विचारला."

आईच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिने वेगळी बशी काढली नाही, निरोप देताना डोळ्यांत पाणी आणलं, डब्यात चिवडा भरून दिला. पण मनात काही नव्हतं म्हणूनच तिला ते इतकं सहज विचारता आलं. मनात काही असतं, तर ती निदान अडखळली असती.

आता माझं. कारण इतका वेळ तुम्ही ऐकून घेतलंत आणि मनात म्हणत असाल, की बाईसाहेब स्वतः कुठे होत्या.

हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी आमच्या खोलीत जळगावकडची एक मुलगी होती. वर्गात आमच्यासारखंच बोलायची. एकदा रात्री ती आईशी फोनवर बोलत होती आणि बोलता बोलता 'मले काय माहीत' असं म्हणून गेली. आम्ही तिघी पांघरुणात तोंड घालून हसलो. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'मले' पडलं. 'ए मले, चार्जर दे.' 'मले, मेसला येतेस का?' ते नाव मी पाडलं होतं. ती हसायची. आठवड्याभरात तिने फोन घेऊन गच्चीत जायला सुरुवात केली. थंडीचे दिवस, रात्रीचे साडेदहा, आणि ती शाल गुंडाळून पाण्याच्या टाकीला टेकून तिच्या आईशी तिच्या भाषेत बोलायची. मी कपडे काढायला वर गेले तेव्हा दिसली. मला पाहिलं आणि वाक्य मधेच तोडून प्रमाण मराठीत आली. स्वतःच्या आईशी बोलताना! पलीकडे त्या माउलीला वाटलं असेल, लेकीला झालं तरी काय.

शाळेत आम्हाला बहिणाबाई चौधरी होत्या. जळगावच्याच मातीतल्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांचं पुस्तक त्या गेल्यावर, १९५२ साली निघालं. बाई वर्गात त्यांच्या बोलीचा गोडवा समजावून सांगायच्या आणि मी उत्तरात 'बोलीभाषेचा गोडवा' लिहून पूर्ण गुण मिळवले होते. बहिणाबाई पुस्तकात असल्या की गोडवा, शेजारच्या कॉटवर असल्या की हशा.

मी तिला 'सॉरी' पाठवलं, हात जोडलेल्या चित्रासकट. ती समोरच्या कॉटवर बसली होती आणि मी मेसेज पाठवला, हेही सांगायला हवं. 'इट्स ओके यार' असं तिचं उत्तर आलं. तिने माझी माफी प्रमाण मराठीतही स्वीकारली नाही.

ही नक्कल मी शिकले कुठे? बाबा नकला फार सुंदर करतात. नागपूरचे त्यांचे जुने साहेब, कोकणातला शिपाई, आमचा दूधवाला. रविवारी जेवणं झाली की आम्ही फर्माईश करायचो आणि सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. तुमच्याही घरी अशा मैफली होत असतील. त्या बंद करा असं म्हणायची माझी छाती नाही, कारण त्या खरंच मजेच्या होत्या. फक्त दूधवाला दारात असताना बाबा कधी ती नक्कल करत नसत. म्हणजे कुठे थांबायचं हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांचा आवाज उचलला, थांबणं तेवढं उचललं नाही.

थांबण्याचंच आणखी एक. गेल्या गणपतीत बाबांचे तिघे मित्र जेवायला होते. ऑफिसातल्या कुणाबद्दल बोलताना बाबा म्हणाले, "तो काय करणार? हातात बांगड्या भरल्यात त्याने." सगळे हसले. आई तेव्हा कढी वाढत होती, आणि तिच्या हातात अर्थातच बांगड्या होत्या, त्या पातेल्याला लागून किणकिणत होत्या. मी ताटावरून मान वर केली आणि चारचौघांत, खणखणीत आवाजात, बाबांना स्त्रीद्वेष या विषयावर दीड मिनिट ऐकवलं. एकही शब्द चुकीचा नव्हता. बाबांचे कान लाल झाले. मित्र कढीची स्तुती करायला लागले. पुढचे दोन दिवस बाबा माझ्याशी भावाच्या मार्फत बोलत होते, "ताईला विचार, चहा घेणार का."

मला आजीकडून शाबासकीची अपेक्षा होती. आजोबा गेल्यापासून बांगड्यांच्या बाबतीत तिचं दुःख आमच्यापेक्षा मोठं. ती म्हणाली, "बोललीस ते खरं बोललीस." मग सुपारी कातरता कातरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नारळ वाढवते म्हणतेस आणि बापाला असा फोडतेस होय?"

काका-काकू, आमच्या पिढीकडे नवे शब्द आहेत, खरेच चांगले आहेत. पण ते आम्ही बहुतेक वेळा दगड उचलावा तसे उचलतो. एखाद्याला बाजूला घेऊन, त्याचा मान राखून, 'जरा एक सांगू का' म्हणून सांगायची तुमची जी कला आहे, ती आमच्याकडे नाही. आत्याला साखर सोडायला सांगताना आई किती वळणं घेते ते मी पाहिलंय. अर्धा तास तिच्या गुडघ्यांची चौकशी, मग आपल्या मैत्रिणीच्या साखरेची गोष्ट, आणि मग कुठे गूळ-साखरेवर येणं. एवढी वळणं तिला पोह्यांच्या वेळी का सुचली नाहीत, आणि मला कढीच्या वेळी का सुचली नाहीत, याचं उत्तर एकच असावं. आत्या दुखावली तर आईला चालणार नव्हतं.

बाबांचा आणि माझा समेट कसा झाला ते सांगत नाही. आंबा बर्फी होती, एवढंच.

शेवटी पत्रिकेचं सांगते. मार्गशीर्षात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. पत्रिकेत सगळ्यात वर आजीचं नाव, हे ठरलेलं. पण नावाआधी काय? सौ. तर नाही, आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. काकांचं म्हणणं, रीतीप्रमाणे 'गं. भा.' घालू. बाबा म्हणाले, ते जुनं वाटतं, 'श्रीमती' बरं. मी तयारीनिशी बसले होते. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा विचार पुढे केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, हे मी काकांना सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं सांगितलं. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची, मंगळसूत्र काढायची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाडच्या ठरावात 'फोडणे' हाच शब्द असणार, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. त्या वेळी कुणी 'वाढवणे' म्हणत नाही, तिथे खरोखर फोडतातच. म्हणून माझं म्हणणं, नावाआधी काहीच नको. नुसतं नाव.

आजी तिथेच खाली बसून कोथिंबीर निवडत होती. इतका वेळ तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही. तिने काड्या एका बाजूला केल्या, पानं ताटात टाकली. म्हणाली, "पत्रिकेत काय वाटेल ते छापा. मला चष्मा लावूनसुद्धा ती अक्षरं दिसत नाहीत. हळद लावायला मला हाक मारणार आहात का, ते सांगा."

काका पत्रिकेचा नमुना उलटसुलट करून बघायला लागले. बाबा उठून फोन घ्यायला गेले, फोन वाजला नव्हता. माझ्याकडेही एवढे ठराव असून या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण हळद माझ्या हातात नव्हती. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती काही बोलली नाही, पातेली घासलेलीच होती ती पुन्हा घासत राहिली.

पत्रिकेत शेवटी 'श्रीमती' छापलं गेलं. हळदीच्या दिवशी अंगणात पाट मांडला, कुणीतरी हाळी दिली, "पाच सवाष्णी या गं!" आजी मागच्या खोलीत खाटेवर बसून विड्याची पानं पुसत होती. आई हळदीची वाटी घेऊन आत गेली. मी दारातच होते. आई म्हणाली, "आई, येताय ना?"

"मी?"

"तुम्ही आधी लावा. मग आम्ही."

आत्याने खुर्ची जरा मागे सरकवली आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. बाकीच्या बायका गप्प झाल्या, पण वाटेतून बाजूला झाल्या. आजीने बोट वाटीत जरा जास्तच बुडवलं. बहिणीच्या दोन्ही गालांना हळद लागली, थोडी नाकाला, आणि हात थरथरत होता त्यामुळे थोडी आजीच्या स्वतःच्या निळ्या पदराला. तो डाग अजून गेला नाही. मावशींनी दोनदा साबण लावून चोळून पाहिला. तिसऱ्यांदा आजीनेच त्यांच्या हातातून लुगडं काढून घेतलं, म्हणाली, "असू दे."